थोरला आर, धाकटा आर

"लिनक्सवाले फार तक्रारी करतात," असं आमच्या ऑफिसात कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सगळ्यांना ते ठाऊक आहे, म्हणून हल्ली माझ्या तोंडावर म्हणत नाहीत, कॉफीच्या मशीनपाशी जाऊन म्हणतात. माझं टेबल त्या मशीनला लागूनच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. ज्या कामाला कंपनीत काडीची किंमत नाही, त्या कामाचं टेबल दुसरीकडे कुठे असणार म्हणा. दिवसभर पाठीमागे ते मशीन घुरघुरतं आणि माझ्या कीबोर्डवर साखर सांडते.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचा संताप कळेल. आमची कंपनी कॉम्प्युटरवरचे गेम बनवते. गेम बनतो विंडोजवर, कारण बहुतेकांच्या घरी तेच असतं. पण काही लोकांच्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स असतं. त्यांनाही तो खेळता यावा म्हणून अख्खा गेम उचलून तिकडे नव्याने बसवावा लागतो. हे बसवणं माझ्याकडे. लोकांना वाटतं, एक बटण दाबलं की झालं. अहो, घर बदलताना पाहिलंय ना, जुन्या घरात चपखल बसलेलं कपाट नव्या घरात नेमकं दाराच्या आड येतं आणि पडदे वीतभर तोकडे पडतात. तसंच असतं ते. सामान तेच, पण एकेक वस्तू हातात घेऊन विचारावं लागतं, बाई गं, तू आता कुठे बसणार?

गेमचं नाव 'तराफा'. तराफ्यावर माल लादायचा आणि नदीतून वाळूचे पट्टे, खडक, भोवरे चुकवत खाली न्यायचा. एकट्याने खेळता येतो, नाहीतर दोघांनी मिळून. दोघं आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने बांबूने रेटायचं. कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते, तिच्यात एकमेकांना लिहिता येतं. मारामारी नाही, रक्त नाही. मला आवडतो तो गेम. आवडत नसता तर मी इतकी जळलेच नसते.

'तराफा'चा पहिला प्रोग्राम ज्याने एकहाती लिहिला, त्याला आम्ही मूळपुरुष म्हणतो. माणूस गुणी आहे, मनाने चांगला आहे, पण फायलींना नावं देताना त्याच्या अंगात काय येतं देव जाणे. इंग्रजी अक्षरांची भानगड अशी की एकेका अक्षराची दोन रूपं, एक थोरलं, एक धाकटं. आपल्याकडे हा ताप नाही. क म्हणजे क. त्यात थोरला क आणि धाकटा क अशी भाऊबंदकी नाही. तिकडे आहे, आणि मूळपुरुष मनाला येईल तसं कधी थोरलं लिहितो, कधी धाकटं. विंडोजला त्याचं सोयरसुतक नसतं. थोरल्या आरला हाक मारली आणि धाकटा आर आला, तरी ते त्यालाच कामाला लावतं. लिनक्स तसं नाही. लिनक्सच्या लेखी थोरला आर आणि धाकटा आर म्हणजे एका घरातल्या दोन जावा. कपाटं वेगळी, किल्ल्या वेगळ्या, एकीची वस्तू मागितली तर दुसरीची मिळणार नाही.

तर पहिल्यांदा मी 'तराफा' लिनक्सवर चालू केला तेव्हा नदीच नव्हती. काळ्याकुट्ट पडद्यावर तराफा अधांतरी उभा. का, तर चित्राच्या नावात थोरला आर होता आणि प्रोग्राममध्ये धाकटा. नदी सापडली तर किनारा गेला. किनारा सापडला तर पाण्याचा आवाज गेला. कितीतरी दिवस मी त्या हजारो फायलींमधून थोरले-धाकटे निवडत बसले होते, तांदळातले खडे निवडावेत तशी. मूळपुरुषाला जाऊन सांगितलं की बाबा, नावं नीट दे रे. तो हसला आणि म्हणाला, माझ्याकडे तर चालतंय. हे दुसरं वाक्य, जे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

शेवटी सगळं जागेवर बसलं. आता दोन माणसं हवी होती, एक विंडोजवर, एक लिनक्सवर, दोघं एकाच तराफ्यावर नीट चालतात का हे बघायला. मी घरचीच धरली. मावशी आणि दादा.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, मावशीचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजाच्या इंजिनात काम करतो. वर्षातला बराच काळ पाण्यावर, हातात एक विंडोजचा लॅपटॉप आणि मिळेल तसं बारीकसं इंटरनेट. मावशी माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. दोन्ही डोळ्यांनी आता कमी दिसतं. तिचा कॉम्प्युटर जुना, नवं विंडोज त्याला झेपत नाही, म्हणून त्याच्यावर मी लिनक्स घालून दिलं होतं. अक्षरं तळहाताएवढी केली, लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज बसवला, कळांवर पिवळे कागद चिकटवले. हे सगळं तिच्या हाताला बसायला बरेच महिने गेले. त्यानंतर मात्र तिने मला एकदाही मदतीला बोलावलं नाही. मावशीचा स्वभावच तसा. बसमध्ये चढताना कुणी हात पुढे केला तर त्या हाताकडे अशी बघेल की तो माणूसच एक पायरी खाली उतरेल.

मायलेकांचं बोलणं नव्हतं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, गेले तेव्हा दादाचं जहाज भर समुद्रात होतं. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. दारात उभ्या असलेल्या मुलाला मावशीने विचारलं, "झाली का सवड?" बस, एवढंच. पण ते त्याला असं लागलं की पुन्हा भरून आलं नाही. नंतर फोन व्हायचे, पण कुठल्याही विषयावरून गाडी फिरून तिथेच यायची आणि कुणीतरी फोन आपटायचं. मग फोनही थांबले. सगळे निरोप माझ्यामार्फत. तुझ्या दादाला सांग, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. आईला सांग, पगारवाढ झाली. मी मधल्यामधे टपाल कचेरी.

मी दोघांना वेगवेगळं सांगितलं की कामाचं आहे, नाही म्हणू नका. मावशीने विचारलं, दुसरं कोण? मी म्हटलं, दादा. तिने चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. मग म्हणाली, कामाचं आहे ना, मग हरकत नाही.

पहिल्या दिवशी मी तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. सुकाणू तिच्याकडे, बांबू त्याच्याकडे. कोपऱ्यातल्या पट्टीत तिने लिहिलं, डावीकडे वाळू आहे. त्याने लिहिलं, दिसली. मग रेट ना. रेटतोय. आणि तराफा वाळूत रुतला. म्हटलं, आता पेटणार. पण पेटायला फुरसतच नव्हती, कारण दोघांनी मिळून जोर लावल्याशिवाय तराफा निघत नाही, गेम तसाच आहे. निघाला. पुढे नदी जरा रुंद आणि शांत होती. मावशीने एकेक कळ चाचपत लिहिलं, जेवलास का? थोड्या वेळाने मशीनच्या त्या लाकडी आवाजाने वाचून दाखवलं, हो, तू? मी उगाच खिडकीबाहेर बघत बसले. मला रडू आलं होतं आणि मावशीला रडणाऱ्यांचा राग येतो.

माझी चाचणी केव्हाच संपली. ते दोघं मात्र थांबले नाहीत. जहाजाला इंटरनेट मिळालं की दादाचा मला निरोप यायचा, आईला म्हणावं ये. हात गुंतलेले, डोळे पुढच्या वळणावर, आणि मधेमधे एखादं वाक्य. काकांबद्दलही बोलले एकदा, एवढं मावशीने मला सांगितलं. काय बोलले ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आणि मग फेऱ्या गायब व्हायला लागल्या. तराफा जिथवर आणला तिथवरची फेरी दोघांच्याही मशीनवर जपून ठेवलेली असते, पुढच्या वेळी तिथूनच निघायचं. एके दिवशी दादाचं मशीन म्हणालं, अशी फेरीच नाही. मावशीकडे होती, त्याच्याकडे नव्हती. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा गेली. मावशी म्हणाली तूच पुसतोस, तो म्हणाला मी कशाला पुसू, ती म्हणाली तुला कंटाळा आला असेल तर तसं सांग, आणि तो दोन आठवडे आलाच नाही. जे मोठ्या मुश्किलीने सांधलं होतं ते एका दळभद्री चुकीपायी तुटायला आलं होतं. विंडोजवरचे बाकीचे खेळणारेही तेव्हा बोंबलत होते. आमची फेरी गेली, भंगार गेम, असं लिहून निघून जायचे. कंपनी उत्तर द्यायची, तुमचं मशीन तपासा. मूळपुरुष डोकं धरून बसला होता, त्याला काही केल्या चूक सापडत नव्हती.

मावशीला सापडली. ती काय गप्प बसणार? दादा आल्यावर तिने त्याला त्याच्या फोल्डरमधलं एकेक नाव लिहून पाठवायला लावलं आणि आपल्या फोल्डरशी ताडून पाहिलं. मग कंपनीच्या तक्रारीच्या पानावर जाऊन रीतसर तक्रार लिहिली. मला नाही सांगितलं. नंतर विचारलं तर म्हणाली, तू घरची, घरच्यांना सांगितलं की काम लांबणीवर पडतं.

तक्रार अशी होती: "माझ्याकडे दोन फायली दिसतात, एक थोरल्या आरची आणि एक धाकट्या आरची. चिरंजीवांकडे एकच दिसते. ते एकटे खेळले की आमची दोघांची फेरी नाहीशी होते. मी एकटी खेळले तर होत नाही. दोघींना एकच नाव दिले असावे. तपासावे."

मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. मूळपुरुषाने दोघांच्या फेरीची फाईल थोरल्या आरने लिहिली होती आणि एकट्याच्या फेरीची धाकट्या आरने. त्याच्या डोक्यात दोन वेगळी नावं. विंडोजच्या लेखी एकच. म्हणजे एकट्याने खेळलं की नवी फाईल जुनीच्या उरावर बसायची आणि दोघांची फेरी पुसली जायची. लिनक्सवर दोघी जावा आपापल्या कपाटात सुखरूप. नीट लक्षात घ्या. जो रोग सगळ्यांच्या फेऱ्या खात होता तो लिनक्सवर नव्हताच. आणि तो ज्या बाईने शोधला, ती लिनक्सवर होती म्हणूनच तिला तो दिसला.

आता टक्केसाहेब. आमचे वरिष्ठ. आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, ते कंपनीचं धोरण आहे, त्यामुळे साहेब हे फक्त त्याच्या पाठीमागे. प्रत्येक गोष्टीचे टक्के काढतो म्हणून ते नाव. त्याने बैठक बोलावली आणि भिंतीवर दोन गोल दाखवले. पहिला गोल खेळणाऱ्यांचा, त्यात लिनक्सची फोड नखाएवढी. दुसरा गोल तक्रारींचा, त्यात लिनक्सची फोड निम्म्याला टेकलेली. माणसं मूठभर आणि तक्रारी ढीगभर, तो म्हणाला. म्हणून 'तराफा' लिनक्सवर बंद. जे खेळतायत त्यांनी आहे ती आवृत्ती खेळावी, नवी मिळणार नाही.

मी उभी राहिले. मला आधी कुणकुण लागली होती, म्हणून मी त्या सगळ्या तक्रारी एकेक करून वाचल्या होत्या. वाचायचे कष्ट त्या गोलवाल्याने घेतले नव्हते. मी सांगितलं की यातल्या बहुतेक चुका लिनक्सच्या नाहीतच. गेमच्याच आहेत, त्या विंडोजवाल्यांनाही भोगाव्या लागतात. फरक एवढाच की ते शिव्या देऊन निघून जातात आणि हे बसून लिहितात, काय केलं, काय झालं, कुठे झालं. हे लोक आपलं काम फुकट करून देतायत आणि आपण त्यांच्याच डोक्यावर खापर फोडतोय. फेरी गायब होण्याची तक्रारही याच ढिगात मोजली आहेस, मी म्हटलं, कारण ती लिनक्सच्या मशीनवरून आली. ज्या एका जागी चूक नव्हती, त्या जागेच्या नावावर तू ती लिहिलीस.

टक्केसाहेबाने मान डोलावली. तुझा मुद्दा रास्त आहे, म्हणाला, पण आकड्यांकडे बघ. मी मूळपुरुषाकडे बघितलं. तो नखं बघत होता.

आणि पुढे ऐका. त्याच बैठकीत, त्याच खुर्चीत बसून, पुढचा विषय आनंदाचा. फेऱ्या गायब होण्याची चूक अखेर सापडली, नवी आवृत्ती तयार आहे, टीमचं अभिनंदन. टाळ्या. मूळपुरुष निदान एवढं तरी पुटपुटला की कुणीतरी खेळाडूने कळवलं होतं. टक्केसाहेब म्हणाला, खेळाडूंचं हे प्रेमच आपली ताकद आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तक्रार ठेवून घेतली आणि तक्रार करणारीला दाराबाहेर काढलं, आणि टाळ्या वाजवताना एकाचाही हात अडखळला नाही.

तुम्ही म्हणाल, जुनी आवृत्ती तर आहे ना, खेळू दे मावशीला तीच. तिथेच तर गोम आहे. तराफ्यावर दोघांची आवृत्ती एकच लागते. दादाकडे नवी आली की तो मावशीच्या तराफ्यावर चढू शकत नाही. आणि नवी आली कशामुळे, तर मावशीने दाखवलेल्या चुकीमुळे. मी गुपचूप तिच्यासाठी नवी बनवून दिली असती, लाज वाटली नसती मला. पण माझं लिनक्सचं मशीन दुसऱ्याच दिवशी उचलून नेलं, आणि खेळाडूंना एकमेकांशी जोडून देणारा जो सर्व्हर आहे, तो कंपनीची सही नसलेली आवृत्ती आत घेत नाही.

मी मावशीकडे जाऊन सगळं सांगितलं. तिने गणिताचा प्रश्न नीट वाचावा तसं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक मी दाखवली, ती त्यांनी सुधारली, आणि सुधारली म्हणून मी बाहेर," ती म्हणाली. "असंच ना?"

मी म्हटलं, असंच. ती चहा टाकायला उठली. त्या दिवशी तिने साखरेऐवजी मीठ घातलं आणि मी तो तसाच प्यायले.

विंडोजचा एक लॅपटॉपही मी तिच्याकडे नेऊन ठेवला. आठवडाभर ती त्याच्याशी झटली. बाण दिसायचा नाही, वाचून दाखवणारा आवाज मराठीचं पार भरीत करायचा, हात जुन्या सवयीने भलत्याच कळांवर जायचे. ज्या बाईला स्वतःच्या मशीनवर कुणाची गरज लागत नव्हती, ती मला दिवसातून दहा वेळा हाका मारायला लागली. शेवटी झाकण लावून तिने तो माझ्याकडे सरकवला. दिसतंय तेवढं तरी राहू दे, म्हणाली.

वाट काढली ती दादाने. त्याने नवी आवृत्ती घेतलीच नाही. जुन्या, सदोष आवृत्तीवरच राहिला, आईसाठी. आता त्या आवृत्तीत धोका हाच की तो एकटा खेळला की दोघांची फेरी पुसली जाणार. म्हणून त्याने एकट्याने खेळणं सोडलं. आई नसेल तेव्हा मी गेम उघडतच नाही, त्याने मला लिहिलं. जहाजावरच्या इतक्या रिकाम्या वेळात दुसरी करमणूक काय असते, ते मला माहीत आहे. तरीही नाही उघडला. बरेच महिने असे गेले. बाकी सगळी दुनिया नव्या आवृत्तीवर गेली होती, उरलेले लिनक्सवाले कंटाळून खेळ सोडून गेले होते आणि जुन्या नदीत एकच तराफा चालू होता.

तो टक्केसाहेबाच्या डोळ्यांवर आला. जुन्या आवृत्तीचे खेळाडू जिथे एकमेकांना भेटतात तो सर्व्हर अजून चालू आहे, हे त्याला कुठल्याशा गोलात दिसलं. मला काचेच्या खोलीत बोलावून म्हणाला, तो बंद करून टाक, दोनच जण येतात तिथे.

"त्यातली एक माझी मावशी आहे," मी म्हटलं. "दुसरा तिचा मुलगा. फेऱ्यांची चूक तिनेच शोधली होती."

मला वाटलं, थोडा तरी वरमेल. उलट त्याचा चेहरा खुलला. अरे वा, म्हणजे घरचंच आहे, मग तू समजावून सांग ना त्यांना, म्हणाला. माझं तोंड कडू झालं. मी म्हटलं, मला जमणार नाही, तूच समजाव. लाव फोन, तो म्हणाला. लोकांना समजावण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्याची स्वतःबद्दल खात्री आहे.

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला. खरं सांगते, मला आतून उकळ्या फुटत होत्या. मोठमोठे अधिकारी आपल्या पोराचे मार्क वाढवून मागायला मावशीच्या शाळेत यायचे आणि रुमालाने मान पुसत बाहेर पडायचे, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. म्हटलं, आता बघच बेट्या. खुर्चीला टेकून, हाताची घडी घालून मी ऐकायला बसले.

तो तिला आजी म्हणाला. मावशीला आजी म्हटलेलं खपत नाही. मी वाट बघितली, काही झालं नाही. मग तो सर्व्हर, खर्च, धोरण असं काय काय गोड आवाजात बोलत राहिला. तिने मधे तोडलं नाही. त्याचं संपल्यावर फक्त विचारलं की कधीपासून बंद. तो म्हणाला, या आठवड्यात.

"साहेब, माझा मुलगा माझ्याशी फोनवर बोलत नाही," मावशी म्हणाली. "चूक माझी आहे, माझी जीभ वाईट आहे. त्या तराफ्यावर बोलतो. तेवढंच आहे आमचं. बंद नका करू हो."

माझ्या हातांची घडी सुटली. हा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. काका गेले तेव्हाही नाही. जे तिने मला सांगितलं नाही, दादाला सांगितलं नाही, ते तिने एका परक्या माणसाला, स्पीकरवर, काचेच्या खोलीत सांगितलं. मी हात पुढे केला, फोन बंद करावा म्हणून, आणि तसाच मागे घेतला, कारण तिचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं. जास्त जागा लागत असेल तर आम्ही कमी वेळ खेळू, असंही ती म्हणाली.

टक्केसाहेबाचा चेहरा मऊ झाला. तो वाईट माणूस नाही, हेच तर मला सहन होत नाही. अहो आजी, एवढंच ना, तो म्हणाला, ठेवू की चालू, तुमच्यासाठी म्हणून खास.

"उपकार झाले तुमचे," मावशी म्हणाली.

माझी मावशी म्हणाली हे. त्यांच्या घरातली घाण जिने शोधून दिली, जिच्या नावावर त्यांनी टाळ्या वाजवून घेतल्या, त्या बाईने त्यांच्यापुढे हात जोडले. आणि तो काय म्हणाला मला? बघ, समजुतीने घेतलं की सगळं होतं. खांद्यावर थोपटून गेलासुद्धा. तोंडात आलेलं सगळं मी गिळलं, कारण सर्व्हरचं बटण त्याच्या हातात होतं आणि हे मावशीला माझ्याआधी कळलं होतं.

दार लागल्याचा आवाज तिला फोनमधून ऐकू गेला असावा.

"गेला का तो?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने घसा साफ केला.

"दादाला यातलं काही सांगू नकोस," ती म्हणाली. "त्याला वाटू दे, चालू आहे म्हणून चालू आहे."